एक फुल्ल, एक हाफ

आमच्या वरच्या खोलीत राहतो तेस्फाये,
फार्मसीचं तिसरं वर्ष. गाव गोंदर, देश इथिओपिया.
गल्लीतली पोरं त्याला टेसू म्हणतात,
आमची नरसम्मा म्हणते, तेसप्पा.
सोलापुरात आलास की मागे अप्पा लागायचाच.

शनिवारी दुपारी कॉलेज सुटलं
की हा स्टँडवर. पिशवीत कडक भाकरी
(पहिल्यांदा त्याला पापड वाटली होती),
पुडीत शेंगाचटणी, आणि एक वही.
रविवारी रात्री जिना वाजतो.
बुटांना कुठल्यातरी गावची माती.
सकाळी झाडताना मी ती ओळखतो:
ही माचणूरची, नदीकाठची.
हा मुरूम नळदुर्गचा.

एकतीस वर्षं कंडक्टर होतो मी.
बोरामणी, तांदुळवाडी, इटकळ, नळदुर्ग,
झोपेत अजून ओरडतो म्हणे.
नळदुर्ग म्हणजे सात मिनिटं:
चहा, लघवी, कंट्रोलरची सही, डबल बेल.
किल्ला होता.
कधीच तिकीट न मागणाऱ्या
पाठमोऱ्या माणसासारखा होता.

"अंकल, भिंतीच्या पोटात महाल आहे.
पाणी बाहेरून पडतं, आपण आत कोरडे.
तुम्ही कितीदा गेला?"
मनात हिशेब केला. सहा-सात हजार तरी.
"मग त्या महालात खिडकी आहे ना, तिथून..."
शेंगा खा, म्हटलं.

एकदा कुडलहून आला, संगमावरून,
तुळईवरची अक्षरं वहीत उतरवून.
एकेक वळण, मुंगी काढावी तसं.
"हजार वर्षांपूर्वीची मराठी, अंकल. तुमची.
वाचा."
चष्मा लावला. वही दिव्याखाली धरली,
मग लांब धरली.
"जो वाचेल तो जिंकेल, असं लिहिलंय,
तिथले पुजारी म्हणाले."
निम्मं लागलं रे, म्हटलं,
म्हणजे निम्मा जिंकलो.
तो हसला नाही. त्याला वाटलं, हिशेब बरोबर आहे.

परवा लाईट गेली. आम्ही गच्चीवर,
नरसम्मा वारा घालत होती तिघांनाही एकाच पंख्यानं.
तुझ्या गावात काय आहे रे बघायला?
म्हणाला, किल्ला आहे. राजांचे वाडे. मधोमध, गोल बुरुजांचे.
शाळेचा रस्ता त्याच्या भिंतीला लागूनच.
आणि आत?
बराच वेळ बोलला नाही.
खाली कुणाचं तरी कुत्रं भुंकून थकलं.
"शाळेला उशीर व्हायचा," म्हणाला.
मग म्हणाला, "आईच्या दुकानातून दिसायचा.
तेवढा पुरे वाटायचा."

मी काहीच म्हटलं नाही.
सात मिनिटांचा माणूस
दुसऱ्याला काय म्हणणार.

या शनिवारी नरसम्मानं भाकऱ्या जास्त बांधल्या,
विचारलं नाही कुणासाठी.
गाडीत कंडक्टर एक पोरगी, मशीन हातात,
टोचणीचा तो आवाज गेला आता.
एक फुल्ल, एक हाफ, नळदुर्ग.
"हाफ कुणाचं?"
माझं, म्हटलं. आधार कार्ड दाखवलं.
आयुष्यात पहिल्यांदा खिडकीला बसलो
आणि बोरामणी आली तसा हात
आपोआप वर गेला, दोरीकडे.
तेस्फायेनं पाहिलं. खिडकीबाहेर बघू लागला.

उतरलो. पोरीनं डबल बेल दिली.
गाडी गेली, मला सोडून,
आणि मी वेड्यासारखा उभा,
धूर बसेपर्यंत.

हा पुढे, वही काढून तयार.
"चला अंकल."
थांब रे, म्हटलं. आधी चहा.
कट्ट्यावर बसलो दोघं, पाठ रस्त्याकडे,
तोंड त्या काळ्या भिंतीकडे.
बशीत ओतून प्यालो, हळू.
सात मिनिटं झाली.
आठ झाली.