कराडला दिली

सांगलीच्या मार्केट यार्डात
हळदीचा भाव बोलत नसत, दाबत.
रुमालाखाली हातात हात,
कुठलं बोट म्हणजे शंभर, कुठलं म्हणजे नकार,
हे मी सासऱ्यांच्या अडतीवर डबा पोचवताना शिकले.
म्हणून कराडच्या घोरपडे सरांनी
मैदानाच्या कडेला चहा संपवून विचारलं,
'मग बाई, वैजयंताचं काय करायचं?'
तेव्हा माझा हात आपोआप ओढणीखाली गेला.

आमचा संघ गेल्या साली शेवटून पहिला.
आमच्या लीगचा नियम असा, की
जो तळाला, त्याची निवड आधी.
मेच्या शिबिरात साठ पोरी रांगेत
आणि पहिलं बोट दाखवायचा मान आपला.
हरण्याला एवढंच काय ते बक्षीस.
सगळे म्हणाले, ती उंच घ्या, दोन वेण्यांची.
मी घेतली त्रिशला मगदूम, वय तेरा,
बुटाची नाडी सुटलेली, हातातून चेंडू निसटतो,
पण चेंडू जिथे नाही तिथे बघत असते.
घरी पोचेपर्यंत तीन फोन. बाई, चुकलात.

दिलशाद आयती मिळाली. आयती कसली,
कारखान्यानं बायकांचा संघ बंद केला
तेव्हापासून एसटीत कंडक्टर, सांगली–तासगाव.
कुणाच्याच यादीत नाही. मोकळी.
मी तासगावचं तिकीट काढलं,
विचारायचा धीर होईना, परतीचंही काढलं.
कवठे एकंदला तीच म्हणाली,
'सुट्टे राहू द्या बाई, यायचं कधी ते सांगा.'
गुडघ्याला पट्टा बांधून येते,
आणि रिंगखाली उभी राहिली की
भरल्या गाडीत काढते तशी कोपरानं वाट:
'सरका पुढं, सरका.'

राहिली मधली जागा. तिथं उंची लागते.
उंची कराडला होती. हर्षाली, सहा फूट एक इंच.
त्यांना हवी होती लांबून टाकणारी,
आणि तशी माझ्याकडे एकच.
वर त्यांनी मागितली पुढच्या मेची माझी पहिली निवड.
म्हणजे कुठल्यातरी शाळेच्या पटांगणात
आत्ता लंगडी घालणारी एक मुलगी,
जिचं नावही मला माहीत नाही,
ती मी देऊन टाकली.
तिला कळणारही नाही.

वैजयंताला कळलं.
महापुराच्या पाण्याची खूण
अजून आहे आमच्या खांबावर, रिंगच्या हातभर खाली.
चिखल उपसायला पहिली तीच आली होती
घमेलं घेऊन, नववीत असताना.
त्या खुणेकडे बघत म्हणाली, 'बरं.'

दुसऱ्या दिवशी गल्लीभर:
कुंभारांची वैजू कराडला दिली.
शेजारणी पेढे मागायला. मुलगा काय करतो?
तिची आई माझ्या दारात,
हसत होती की काय, कळेना:
'देणं नाही, घेणं नाही, अक्षता नाहीत,
मुलगी मात्र दिली. काय सांगू बाई लोकांना?'

मी काय सांगणार.
मलाही फलटणहून सांगलीला दिली होती,
बाविसाव्या वर्षी.
पाठीवर नंबर होता सात.
तेव्हा रुमालाखाली कुणी कुणाची किती बोटं दाबली
ते मला अजून ठाऊक नाही.

जानेवारीत कराड आमच्याकडे आलं.
आम्ही एका गुणानं पुढे, चार सेकंद बाकी,
आणि डाव्या कोपऱ्यात, जिथे रेषेचा रंग उडालाय,
तिथे तिचा पाय न बघता गेला.
कोपर आत. मनगट सैल. मीच शिकवलेलं.
त्रिशला तिथे आधीच निघाली होती,
एकटीलाच कळलं होतं,
पोचली अर्धं पाऊल उशिरा.
जाळीचा आवाज झाला फक्त.

मी टाळ्या वाजवत होते म्हणे.
दिलशादनं माझे दोन्ही हात धरले,
रुमालबिमाल काही नाही, सगळ्यांच्या देखत:
'बाई, बास. हरलोय आपण.'