आठचं बटण

दुपारी दोननंतर
ओव्हन आपला आपणच आठ दाबतो.
८, ८, मग ८८, मग लांब शिटी.
मी समोर उभी, कोपरापर्यंत मैदा,
बोट बटणापासून चार हात लांब.

सकाळी मात्र शहाण्यासारखा.
एकशेऐंशी म्हटलं की एकशेऐंशी.

यांची ड्युटी सबस्टेशनला, रात्रपाळी.
तेहतीस हजार व्होल्टशी रोजची ऊठबस,
पण या डब्यापुढं म्हणाले, कंपनीला फोन कर.
कंपनी म्हणाली, मॅडम, माणूस नांदेडहून सेलूला येणार,
आठ दिवस लागतील.
तिथंही आठच.

मग मानवतहून गौसभाई आले, लुनावर,
हँडलला टिफिनची पिशवी, तिच्यात मीटर.
ओव्हनला हात लावला नाही.
खुर्ची मागितली, बसले, विचारत राहिले.
कुकरची वाफ कुणीकडं जाते?
फडकं पिळून घेता का तसंच फिरवता?
बिघडतो तवा घरात कोण असतं?

म्हटलं, भाऊ, ओल म्हणता तुम्ही,
इथं नळ येतो नवव्या दिवशी.
मे महिना आहे, लेकराचे ओठ फुटलेत,
ओल आणू कुठून?

त्यांनी उलटा तळहात पॅनेलसमोर धरला,
ताप बघतात तसा.
"बगा, इथं गार लागतंय. कामून?"

पडद्यापलीकडं कूलर.
"हे झोपतात दुपारी," मी हळूच म्हटलं.
खिडकीतली वाळ्याची जाळी
बोअरच्या खाऱ्या पाण्यानं पांढरी पडलेली,
तिच्यातून निघालेला वारा यांच्या अंगावरून
सरळ स्वयंपाकघरात येतो
आणि ओव्हनच्या कपाळावर बसतो.

प्लग काढून गौसभाईंनी वायर माझ्या हातात दिली.
"ही तुमच्यापाशी. मी मागितल्याबिगर लावू नका."
चार स्क्रू बशीत.
आत एक पातळ पट्टी, तिच्या टोकाला
मोरचुदासारखा हिरवा ठिपका,
बाजरीच्या दाण्याएवढा.
"हा दोन रेघांमधी बसला
अन् म्हणतो, मीच तुमचं बोट."

स्पिरिट. लेकाचा जुना ब्रश, अस्वलाचं चित्र असलेला.
मग माझा केस वाळवायचा ड्रायर, गार वाऱ्यावर;
गरम मारला तर पट्टी चुरमडती, म्हणाले.
मी विचारलं, धान्यात ठेवू का रात्रभर?
ज्वारी आहे पोतंभर.
हसले. "ज्वारी सोताच ओल धरती,
मंग तिला कुठं ठेवताल?"
बुटाच्या खोक्यातल्या पुड्या मागितल्या,
खाऊ नका असं लिहिलेल्या.
तीन सापडल्या.
तीनशे रुपये घेतले, नानकटाया पिशवीत,
आणि जाता जाता: उद्या दुपारपर्यंत चालू करायचा नाही.

उद्या सकाळी तर शिवकांताच्या नातवाचा केक.
कढईत मीठ तापवून, वर झाकण घालून भाजला,
एका अंगाला बसका झाला,
तिकडं क्रीम जास्त थापली.
कुणाला कळलं नाही.
नातवाला कळलं, त्यानं तीच बाजू मागितली.

कूलरचं यांना सांगायचं राहिलं.
दोन दिवस जमलंच नाही.
तिसऱ्या दुपारी मधलं दार ओढून घेतलं,
फटीत गोधडी कोंबली.
ओव्हन गप्प. आकडे जागच्या जागी.
चार ट्रे सलग निघाले, एकसारख्या रंगाचे.

पाचव्या ट्रेला कळलं,
पाठीवरून घामाची धार कमरेपर्यंत गेलीय.
इतक्या दुपारी
यांच्या अंगावरून उरलेला तो वारा
माझ्याही वाट्याला येत होता.
तो हिशोब मी कधी धरलाच नव्हता.

आता दोन ट्रेंच्या मधे
पॅनेलवर कोरडं फडकं टाकते,
गोधडी पायानं सरकवते,
दार चार बोटं उघडून फटीला गळा लावते.
पलीकडं हे घोरत असतात, खाऱ्या गार वाऱ्यात.

आठपर्यंत आकडे मोजते.
दार लावून घेते.