डाळ चिकटवलेली होडी

बाबालाल मुजावरनं होडी पालथी घालायला लावली
आणि पितळी डब्यातून हरभऱ्याची डाळ काढली.
सांगलीवाडीचा घाट. शर्यतीला नऊ दिवस.
एकेक डाळ राळेत बुडवून
तो तळाला चिकटवत गेला, फुगीर बाजू वर,
बोटभर अंतर सोडून, नाकापासून शेपटापर्यंत.
आम्ही सहाजण वल्ही टेकवून बघत उभे.
शिदू आंबी म्हणाला, फोडणी कधी घालायची, चाचा?

मग पाण्यात.
आयर्विन पुलाच्या तिसऱ्या खांबापर्यंत
रोजच्याच दमानं मारली.
होडी ओढेना. भिजलं घोंगडं पांघरून पोहावं तशी.
काठावर म्हाताऱ्याच्या मुठीत घड्याळ, तडकल्या काचेचं.
"अकरा शेकंद गेलं. एवढ्याशा डाळीनं."

पुढच्या अंगाची डाळ खरवडली, मागची ठेवली.
पुन्हा मारा.
या खेपेला दोनच शेकंद.
"कळलं? पुढं आरशागत पायजे.
मागं खिळ्याची डोकी ऱ्हायली तर ऱ्हाऊ द्या.
नऊ दिसांत रंधा कुठं मारायचा, ते डाळीनं सांगितलं."

चहा आला. बशीत ओतून तो बोलत राहिला.

हा पूल उभा राहिला त्या साली
विलायतेत समुद्रावर विमानांची शर्यत व्हायची.
चाकं नव्हती. पायांना दोन होड्या बांधलेल्या,
पाण्यावरनंच उठायचं, पाण्यावरच बसायचं.
एका कपापायी दोन मुलखं इरेला पेटलेली.
एंजिन असलं, की एका शर्यतीपुरतंच जगायचं.
त्याचं उकळतं पाणी पंखाच्या कातड्याखालनं फिरवून निववायचे,
वाऱ्याला अडवायला बाहेर कायसुदिक नको म्हणून.
"म्या ती बघितली न्हाईत. बघितलं त्यांचं नातवंड,
पंचेचाळीसला, ब्रह्मदेशात.
स्पिटफायर.
होड्या गेलेल्या, चाकं आलेली, ती बी पोटात घ्यायची.
एंजिनाला जास्त जगायला शिकवलेलं.
आणि ह्यो एवढा पातळ पंख," त्यानं बशी आडवी धरली,
"ह्यात बंदुका.
डाळीची अक्कल बी त्यांचीच, सार्जंट सांगायचा.
तिकडं वाटाण्याची लावलेली."

मग जरा वेळ नदीकडंच बघत:
"माझं काम पुसायचं. मेण लावून, फडक्यानं,
पंखात तोंड दिसंस्तोवर.
आमचा पायलट म्हणायचा, मुजावर, अजून पाच मैल काढ.
म्या काढायचो.
शर्यतीत दुसरा येतोय, पोरानू.
तिथं दुसरा येत न्हाई."

कोणाचे पाच मैल कमी पडले, कधी, कुठल्या दिवशी,
ते आम्ही विचारलं नाही.
तो नखात अडकलेली डाळ काडीनं काढत होता.

आठ रात्री कंदील लावून रंधा मारला.
होडीचं नाक इतकं गुळगुळीत झालं
की शिदूच्या बायकोनं त्यावर हात फिरवला आणि
घरातल्या कपाटाला कधी असा हात लावलास का, म्हणाली.

पंधरा ऑगस्ट. कृष्णा गढूळ, काठोकाठ,
दोन्ही घाट माणसांनी माखलेले, पुलावर हलगी.
निम्म्यापर्यंत पुढं होतो.
मग परतीच्या वळणाला भोवरा लागला, माझं वल्हं निसटलं,
आणि समडोळीची होडी घासून निघून गेली.
आम्ही दुसरे आलो.

मान खाली घालून चढलो तर
म्हातारा हसत होता, तोंडात चारच दात.
पण आमच्याकडं बघत नव्हता.
गुडघाभर पाण्यात उभा, बोटं मोडत:
पाच. सहा.
बक्षीस दिलं, हलगी थांबली, लोक वडापावच्या गाड्यांकडं वळले,
तो हललाच नाही.
चाचा, चला की.
"थांब. सात गेल्या व्हत्या."

बऱ्याच वेळानं हरिपूरची आली,
निम्मी पाण्यानं भरलेली,
दोघं वल्हवतायत, चौघं डब्यानं पाणी उपसतायत,
एकमेकांना शिव्या देत.
तेव्हा कुठं त्यानं घड्याळ बंद केलं.