पखालीचा रोग

त्स्खाल्तुबोला उतरले तेव्हा नऊ वाजून गेले होते.
कुटायसीहून येताना मिनीबस दोनदा तापली,
माझे गुडघे त्याच्याही आधी.

जेमाल फाटकातच उभा. म्हणाला, "एतेरी, नळी गेली."
सगळे हेच म्हणतात.
पाठीत चमक भरली की माणसं म्हणतात ना, मूत्रपिंड गेलं, तसं.
नवी नळी बाराशे लारींची,
आणि ती बसवूनही यंत्र आजारीच राहिलं
तर शिव्या मला.

काळ्या ग्रॅनाइटवर पार्मेनचा चेहरा
कपाळाकडून खाली येता येता विरत गेलेला.
भुवया ठीक. डोळे, बरं, डोळे आहेत असं धरू.
मिशीच्या जागी नुसतं धुकं.
हनुवटीला पोचेपर्यंत
किरणानं दगडाला विचारायचंही सोडून दिलं होतं.

लामारा, त्याची बायको, बाकावर बसलेली.
मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात.
"फोटो काढून घ्यायला त्याला आवडायचंच नाही,"
एवढंच बोलली.

मी चष्मा चढवला. चिकटपट्टीचा तुकडा
पहिल्या आरशाच्या अलीकडे लावला
आणि बटण टिचकीभर दाबलं.
डाग पडला. पण तपकिरी, आळसावलेला,
उशिरा उठलेल्या पोरासारखा.
म्हणजे आरशांवर आळ नको,
चोरी त्यांच्यापर्यंत पोचायच्या आधीच झाली होती.
तरी तिन्ही आरसे पुसले, भिंगही पुसलं.
बाई आली आणि काही पुसलंच नाही
असं लोकांना पटत नाही.

काटा अठरा मिलिअँपिअरवर,
पण उभ्या जागी थरथरत.
मग सगळ्यांना गप्प केलं. पंखा बंद, रेडिओ बंद,
जेमालचं बोलणंही बंद (याला वेळ लागला).
नळीशी कान नेला, हात नाही.
चर्र. पुन्हा चर्र.
तापल्या तव्यावर ओली बोटं झटकावीत तसं.

यंत्र बंद केलं, पाच मिनिटं थांबले,
मग टाकीचं झाकण उचललं.
तळाला पांढरा थर, काठाला पांढरा थर,
पंपाच्या तोंडाला चुन्याची दाढी.
मापक बुडवला. शुद्ध पाण्यात याचे आकडे झोपून असतात,
इथे ते बाजारात उठून उभे राहिले.

"पाणी कोणी भरलं?"
साबाचे कान आधी लाल झाले, मग तो.
सतरा वर्षांचा. ट्रॉलीवर तीन कॅन
झऱ्यावरून ओढत आणले होते त्यानं.
"औषधी आहे," म्हणाला. "लोक लांबून येतात.
मला वाटलं, यंत्रालाही..."

जेमालनं हात उचलला, मी तो धरला.
एक म्हण आहे, रोग रेड्याला, औषध पखालीला.
इथे तसं नव्हतं.
इथे रोगच पखालीत होता
आणि आम्ही रेड्याला टोचायला निघालो होतो.

पोराला समजावलं: वीज वाईट नसते,
पण फाटक उघडं दिसलं की जनावर बाहेर जाणारच.
या पाण्यात क्षार आहेत, क्षार म्हणजे फाटक.
जिनं वायूत पेटायचं
ती पाण्यातून वाट काढून निघून जाते.

तेव्हा लामारा हसली.
आम्ही सगळे वळलो.
"छत्तीस वर्षं तो स्नानगृहात होता," ती म्हणाली,
"लोकांना धरून धरून याच पाण्यात उतरवायचा.
वर्षातून एक कोणीतरी बरंही व्हायचं."

दुपारी डिस्टिल्ड पाणी आलं, औषधाच्या दुकानातून, वीस लिटर.
त्याआधी नळीचं आवरण लिंबाच्या सत्त्वानं धुतलं.
काटा स्थिर. डाग काळा, गोल, कडक.
दगड उलटून दुसऱ्या बाजूनं सुरू केला.
संध्याकाळी मिशी उतरली, एकेक केस.
नाकपुडीत एक ठिपका जास्त पडला होता,
तो लामारानं राहू द्यायला सांगितला.

साबा टाकीचं जुनं पाणी ओतायला निघाला.
"थांब," म्हटलं. "ते नको. त्यात पंप बुडून होता.
झऱ्यावर जाऊन एक कॅन ताजं आण."
"यंत्राला?"
"नाही रे," म्हटलं,
आणि बाकावर बसून पायमोजे खाली सरकवले.