एक घ्या, फुकट आहे

रॅक माझ्या ताब्यात आहे.
पत्र्याचा, चार कप्प्यांचा, एक पाय आखूड.
त्याखाली घडी घालून सरकवलेली
रद्द झालेल्या कवायतीची सूचना.
वर पाटी : एक घ्या, फुकट आहे.

मिझुरीत जानेवारीच्या पहाटे
धर्मसुद्धा हाताला गार लागतो.
खिशात मावणारी शुभवर्तमानं, झाडोऱ्याच्या रंगाच्या पुठ्ठ्यात,
देव शत्रूला दिसू नये अशा बेताने.
त्यांच्याखाली स्तोत्रं, जपमाळेची पत्रकं,
कुराणाच्या सात प्रती
(मागणीपत्रावर मी सत्तर लिहिले होते),
तोरा दोन,
बुद्धाचं एक, पहिलं पान नसलेलं.
तळाच्या कप्प्यात बुटांच्या पॉलिशचे डबे.
ते कुणी हलवत नाही. मीही नाही.

कॅप्टन लिंडक्विस्ट पाद्री.
नियमाने त्यांना शस्त्र वर्ज्य,
म्हणून त्यांच्या वाटची बंदूक मी बाळगते.
मी ओडेट फाँतेनो, लुईझियानाच्या दलदलीतली,
एकोणिसाव्या वर्षी मिस्सा सुटली ती सुटलीच.
गळ्यातल्या बिल्ल्यावर मात्र अजून कॅथलिक.
'होते, आता कळत नाही'
एवढी अक्षरं त्या पत्र्यावर मावत नाहीत.

रविवारी उपासनेची सक्ती नसते.
हे मी स्वतः वाचून दाखवते, दर तुकडीला, खड्या आवाजात.
जे येतात ते तासभर उबेत बसतात,
डुलक्या घेतात, बिस्किटं खातात.
जे येत नाहीत ते संडास घासतात.
सक्ती कुणी केलेली नसते.
फरशी तेवढी घाण असते.

तसाच एकदा आला शोंग,
सेंट पॉलचा, ह्मोंग आईबापांचा,
हाताला ब्लीचचा वास.
मनगटावर पांढरा दोरा, मळून राखी झालेला.
घर सोडताना आईने बांधला होता,
जीव अंगाला धरून राहावा, वाटेत कुठे रेंगाळू नये म्हणून.
सार्जंट म्हणाला होता : काप, नाहीतर कागद आण.

कागद माझ्याकडे होता.
धार्मिक सवलतीचा अर्ज, तीन पानी.
रकाना नऊ : आधारग्रंथाचं नाव.

"पुस्तक नाही," तो म्हणाला.
मग रॅककडे बघत राहिला,
लग्नाच्या पंगतीत उपासवाल्याने बघावं तसा.
"होतं म्हणतात. फार पूर्वी.
पळताना नदी लागली, पलीकडे भूक लागली,
शिजवून खाल्लं म्हणतात.
कुणी म्हणतं, घोड्याने खाल्लं."
जरा थांबून :
"आमच्या घरी घोड्याचीच गोष्ट सांगतात. लाज कमी वाटते."

मी हसले. तोही.
मग दोघंही गप्प, कारण हीटर बंद पडला.

रकाना नऊमध्ये मी टाइप केलं : भक्षण झाले.
कॅप्टनांनी चष्मा काढला, पुसला, घातला,
पुन्हा वाचलं.
"ओडेट, हे वर पाठवायचं?"
"खरं आहे तेच लिहिलंय, सर."
त्यांनी सही केली.
बाप्तिस्म्याच्या नोंदीवर करतात तशी, पूर्ण नावाची.

अर्ज वर गेला आणि वरच राहिला.
मार्चमध्ये तुकडी जॉर्जियाला गेली.
दोऱ्याचं काय झालं ठाऊक नाही.
संचलनात सगळ्यांच्या बाह्या मनगटापर्यंत होत्या
आणि मी, खरं सांगायचं तर,
मुद्दाम शेवटच्या रांगेत उभी होते.

स्तोत्रं आणि तोरा यांच्यामध्ये
तेव्हापासून मी दोन बोटं जागा सोडते.
पुस्तकं कलंडतात. रोज सरळ करते.

परवा तपासणीला आलेल्या मेजरने
त्या फटीत पेन घालून पाहिलं.
"प्रत गहाळ?"
"नाही सर," मी म्हटलं,
"वाटपात गेली."
त्यांनी तशी नोंद केली.