काशाचं पदक

लिहा, गुंडेराव कारकून.
नाव सटवा, बापाचं नाव धुराजी,
काम मोतद्दार,
राहनार कदीम जालना, कुंडलिकेच्या अल्याड.
वय तुमीच अंदाजानं टाका.
दात बघून मला घोड्याचं सांगता येतं,
माझं न्हाई.

साहेब म्हन्ला, बोरांशी लढाई हाय.
आमी हसलाव.
बोरं आमच्या बांधावर ढीगभर,
त्यायच्यासाठी जहाजात कशाला बसायचं?
मंग कळलं, मानसं हायती.
दाढीवाली, कुनबीच म्हना,
नांगराच्या हातानं बंदूक चालवनारी,
आन् त्यायला राजा न्हाई.

राजा न्हाई म्हंजी?
इमामखान भिस्ती पखाल भरता भरता इचार करायचा.
आपल्यावर निजाम, निजामावर इंग्रज,
इंग्रजावर रानी.
हितं उतरंड हाय, सटवा,
तितं म्हने सगळी मडकी भुईवर.
मला बरं वाटलं, खोटं काहून बोलू.

त्यायच्या शेतावरून पळालेला एक काळा गडी
आमच्या पागेत निजायचा.
बोली कळंना, म्हनून त्यानं
सदरा वर करून पाठ दाखवली.
तवा समजलं,
भुईच्या खाली बी एक मडकं असतं.
ते मात्र मला वळखीचं वाटलं.

घोडी पंचकल्याणी, माळेगावच्या जत्रंतली,
खुरावर डागलेला नंबर एकशे सात.
मी चिमनी म्हनायचो.
जहाजात ती उभ्यानं यायची आन् मी वकत,
तीच मला बघायची.

वेढा पडला. चार म्हैने.
डोंगरावरून तोफा, खाली आमी, गढूळ नदी आन् ताप.
दाना सरला, तवा हुकूम आला,
घोडी सोडून द्या, चरू द्या, मरू द्या.
सोडली.
सांजच्याला, चंदीच्या वक्ताला,
सगळी माघारी आली.
दोरी नसताना आपापल्या मेखंपाशी
रांगंत उभी.
चिमनीनं माझ्या खिशात तोंड घातलं.
खिशात काय व्हतं ते लिहू नका.

मंग आगगाडीच्या शेडात कढया चढल्या.
एकशे सात पुकारलं.
मीच नेलं.
दुसऱ्यामागं ती गेली नसती.
दुपारी टमरेल भरून रस्सा आला,
गोऱ्यायला आन् आमाला बी, त्या दिवशी सारखाच.
मी पेलो का न्हाई,
हा रकाना तुमच्या कागदावर न्हाई.

जाताना मनमाडापर्यंत पायी गेलाव.
येताना गाडी थेट जालन्याला!
केवळा टेशनावर नव्हती,
फुडच्या भरावावर खडी फोडत व्हती,
दुष्काळी कामावर.
माझ्या गाडीखालची खडी तिच्याच हातची असंल.
थोरलं पोरगं संगं व्हतं.
धाकट्याचं मी इचारलं न्हाई,
घोडीचं तिनं इचारलं न्हाई.
बोरं वाळवून, आठळ्यासकट कुटून खाल्ली, म्हन्ली,
बोरानंच तारलं.
मी काय बोलनार,
बोरांशी लढून आलेला मानूस.

गोऱ्यायला पदक चांदीचं,
आमाला काशाचं.
चांदीचं असतं तर कवाच गेलं असतं.
घरातली काशाची वाटी
त्या सालात पायलीभर ज्वारीला गेली.
केवळाच्या तळपायाला भेगा, रातच्याला आग,
म्हनून एरंडेल लावून
मी पदकानं घासतो.
रानीची बाजू खाली.
काळं निघतं, हळूहळू.
रानीचं नाक जरा झिजलंय,
त्याचा दंड असंल तर तो बी लिहा.

पदक दाखव म्हन्ता,
दावल्याबिगर हिशेब निघत न्हाई म्हन्ता.
आज न्हाई जमनार.
तिला ताप हाय, आताच डोळा लागलाय,
आन् पदक तिच्या पायाशी गोधडीत.
उद्या आनतो.

अंगठा कुठं लावू?