शेपूट वाढेपर्यंत

पोफळी आली तेव्हा तिचं शेपूट वीतभर होतं.
वरातवाला म्हणाला,
झालर अडकते ना ताई, म्हणून छाटतो आम्ही.
मी काही बोलले नाही. पैसे मोजत होते.

मुरूडला पाऊस ओसरल्यावर माशी किती
हे त्याला काय ठाऊक.
पुढे बोंबलांच्या वलांडी, मागे खाजण,
मधे आमचा तबेला, चार घोड्यांचा.

भिरभिरते तिचं भय नाही.
हिरव्या डोळ्यांची एक येते,
आवाज न करता पोटाखाली बसते
आणि रक्त लागेपर्यंत उठत नाही.
बाकी तिघांना ती चावली की एक ठिपका.
हिला रुपयाएवढी गांध.
सकाळी मानेवरून हात फिरवला
तर चिंचोक्यांच्या पोत्यावर फिरवल्यासारखा.
माडाला घासून घासून खांदा सोलला होता तिने.
माडाच्या सालीत तिचे तांबडे केस.

डॉक्टर कुळये बघून म्हणाले, कातडं चिडकं आहे,
माणसांतही असतं एकेकाचं.
दिलावर हसला, माझ्याकडे बघून.

आमसुलं रात्री भिजत घालते.
सकाळी ते गार पाणी फडक्याने टिपायचं फक्त.
चोळायचं नाही,
चोळलं की गांध पेटते.
सोललं असेल तिथे आमसूल नको,
तिथे खोबरेल, चिमूट हळद.
करंजाचं तेल पायांना आणि पोटाला,
पण आधी बोटभर जागेला लावून
एक दिवस थांबायचं.
हे मी चुकून शिकले. त्या चुकीची माफी
तिच्याकडे कशी मागतात
ते अजून शिकले नाही.

भागाबायने जवळ्याचं जुनं जाळं दिलं,
बारीक विणीचं, म्हणाली, पांघर तिला.
रिठ्यात तीनदा धुतलं.
तरी तालुक्यातल्या साऱ्या माश्या
आल्या की पाहुणचाराला!
चौथ्यांदा धुऊन आठ दिवस उन्हात टाकलं,
मग माझ्या परकराच्या नाड्या लावून बांधलं
पाठीवर, पोटाखालून.
आता ती नवरीसारखी दिसते,
आणि नवरीसारखीच वैतागलेली.

डोळ्यांवर काथ्याची झालर केली मी.
झालरीसाठी शेपूट गेलं
हे विणताना आठवत होतं,
गाठी जरा जास्तच घट्ट बसल्या.

किनाऱ्यावर एका पाहुण्यांच्या मुलीने विचारलं,
घोडी रडते का?
नाही गं, म्हटलं,
माश्या तिच्या डोळ्यांत पाणी प्यायला येतात.
मुलगी गप्प झाली. मग स्वतःच्या रुमालाने
वारा घालत उभी राहिली,
आई हाका मारत होती तरी.

लीद दोनदा उचलते. डबक्यात राख टाकते.
दुपारी तिला कामाला काढायची नाही
यावरून दिलावरशी भांडते. सुट्टीचे दिवस असतात,
तीनशे रुपये फेरी असते,
त्याचंही खोटं नाही.

पाचला वारा सुटला की तीच मला ओढते
पाण्याकडे.
लाटेच्या कडेशी माश्या मागे फिरतात,
जशी हद्द आखलेली कुणी.
ती पोटापर्यंत उतरते, कान सैल सोडते.
सोललेल्या खांद्याला खारं पाणी झोंबतं,
कातडी थरारते तेवढ्याच जागी,
तरी मागे येत नाही.
मग घरी गोड्या पाण्याच्या चार बादल्या.

शेपूट नसेल त्याचं शेपूट दुसऱ्याने व्हायचं,
एवढंच मी दोन वर्षं केलं.
ओला पंचा घेऊन तिच्या मागे उभी,
हात दुखेपर्यंत, कधी पंच्यातच झोप यायची.

काल संध्याकाळी नाडी बांधायला वाकले
आणि फटकारा बसला, थेट तोंडावर.
डोळ्यांत पाणी आलं.
पोफळीने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही,
माशी उडाली होती,
तिचं काम झालं होतं.

माझ्या ओठांवर करंजाची कडू चव,
आणि मीठ.
दिलावरला हाक मारली,
अरे, पोचलं बघ.